साइड पाइपची ट्रायल

कंत्राटदाराला आवाज हवा होता. गाडी आधीच रेड्यासारखी होती, उंच, काळी, काचासुद्धा काळ्या. पण कंपनीच्या सायलेन्सरमधून इंजिन नुसतं कुजबुजायचं, आणि तेच त्याला खपत नव्हतं.

"गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की शेवटच्या घरातल्या माणसाला कळलं पाहिजे, मी आलो," तो म्हणाला.

"कळेल," मिस्त्री गाडीखालूनच म्हणाला. "शेवटच्या घरातला माणूस मग शिव्या देईल."

"देऊ दे की. मला तेच पाहिजे."

गॅरेज तिघांचं होतं. मिस्त्री गाड्या उघडायचा आणि जोडायचा. पाइप वाकवायचं मशीन त्याची बायको चालवायची. कुठला पाइप किती तापला की न चिरता वळतो हे तिला हाताला कळायचं. आणि वेल्डिंग करायचा तिचा धाकटा भाऊ, मिस्त्रीचा मेहुणा. लग्नात नवऱ्याचे बूट लपवायला आलेला हा मुलगा नंतर घरी गेलाच नाही, असं मिस्त्री लोकांना सांगायचा. मेहुणा म्हणायचा, "बूट अजून दिले नाहीत दाजी, म्हणून थांबलोय."

काम मोठं होतं. इंजिनाच्या दोन्ही अंगांना धूर बाहेर नेणारे बिडाचे जाड मॅनिफोल्ड होते, ते काढून तिथे हेडर बसवायचे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी आणि पुढे सगळ्या नळ्यांचं एकच तोंड. तिथून जाड पाइप गाडीच्या पोटाखालून मागे न नेता बाजूलाच काढायचे, दरवाजांच्या खाली, मागच्या चाकाच्या अलीकडे. मॅनिफोल्डचे बोल्ट गंजून बसले होते. मिस्त्रीने त्यांना तेल पाजलं, गॅसने लाल केलं, लांब पाइप अडकवून जोर लावला. एक बोल्ट कट्‌ करून मोडला आणि त्याचा तुकडा मॅनिफोल्डमध्येच राहिला. बिडाचं ते धूड त्याने ओढून काढलं आणि भिंतीशी टाकलं. बायकोने तारेचा नमुना वाकवून जागा मापली, मग मशीनवर एकेक नळी वळवून दिली. मेहुण्याने जागच्या जागी वेल्डिंगचे टाके मारले, उतरवून घेतलं आणि टेबलावर शिवण घातली. त्याची शिवण अशी यायची की बायका हात फिरवून बघायच्या, असं तो स्वतःच सांगायचा. प्रत्यक्षात हात फिरवून बघणारी एकच होती, त्याची ताई, तीही चूक शोधायला.

गाडीच्या पुढे मेहुण्याला एक गोष्ट दिसली. बंपर नवा होता आणि त्याचा काळा रंग गाडीच्या काळ्याशी जुळत नव्हता.

"कुठे धडकली का?" त्याने विचारलं.

"कुत्रं आडवं आलं," कंत्राटदार म्हणाला.

मेहुणा मिस्त्रीजवळ सरकून हळूच म्हणाला, "केवढं कुत्रं असेल दाजी? शिंगं होती का त्याला?"

काम संपायच्या दिवशी कंत्राटदार ड्रायव्हरला घेऊन आला. सुट्टीचा दिवस होता, दुपार उतरत होती, शेजारची टायरवाल्याची टपरी तेवढी उघडी होती. ड्रायव्हर उतारवयाचा, किडकिडीत माणूस. दोघे गॅरेजच्या दाराशी हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मग ड्रायव्हरचा आवाज चढला.

"दुसरा कुठलाही रस्ता सांगा. त्या रस्त्याने मी नाही जाणार."

कंत्राटदाराने त्याच्या कानफटात मारली. साधी चापट नव्हती ती. म्हातारा दरवाजाच्या चौकटीवर आपटला, ओठ फुटला, चष्मा उडून ग्रीसमध्ये पडला. कंत्राटदाराने दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा मिस्त्रीची बायको मधे येऊन उभी राहिली.

"हात आवरा. हे आमचं दुकान आहे."

"घरचं माणूस आहे वहिनी. समजावून सांगतोय."

"घरी समजवा."

ड्रायव्हरने चष्मा उचलला, सदऱ्याला पुसला. गाडीची किल्ली त्याने कंत्राटदाराच्या हातात न देता टेबलावर ठेवली आणि कुणाकडे न बघता निघून गेला. कंत्राटदार हसला. "म्हातारा झालाय. घाबरतो."

कशाला घाबरतो, हे कुणी विचारलं नाही. गिऱ्हाइकाच्या घरची धुणी आपल्या दगडावर कशाला धुवायची, असं मिस्त्रीला वाटलं.

गाडी सुरू केली तेव्हा नव्या पाइपांवरचं तेल जळून गॅरेजभर धूर झाला आणि पत्रे थरथरले. टायरवाला कानात बोटं घालून बाहेर आला. मेहुणा धुरात उभा राहून हसत होता.

"आता ट्रायल घ्यावी लागेल," मिस्त्रीने सांगितलं. "पाइप चांगले तापले की जोडातलं गॅस्केट नीट बसतं. मग नट पुन्हा आवळायचे. नाहीतर आठवड्यात फटफटायला लागेल."

"तुम्हीच घेऊन या," कंत्राटदार म्हणाला. "पुलाखालून गोदामांच्या रस्त्याने घ्या. सरळ रस्ता आहे, गर्दी नाही, चांगली तापेल. शेवटपर्यंत जा आणि या. मी बसतो. वहिनींच्या हातचा चहा पितो."

"चहा कोपऱ्यावर मिळतो," वहिनी म्हणाल्या.

मिस्त्री चालवायला बसला आणि मेहुणा शेजारी, काच थोडी खाली करून, कुठे हवा गळते का ऐकायला. नट आवळायचा लांब पाना मिस्त्रीच्या डांगरीच्या खिशात होता. पुलाखाली शिरल्यावर आवाज दोन्ही भिंतींवर आपटून परत आला आणि मेहुण्याने सीटवर ताल धरला.

"दाजी, ही गाडी नाही, वरात आहे."

"गळतंय का ते ऐक."

"गळत नाही. माझी शिवण आहे ती."

पूल संपला आणि गोदामांचा रस्ता लागला. दोन्हीकडे ओढलेली शटरं, मधे कुणी नाही. अर्ध्या रस्त्यात फळ्यांनी भरलेला एक हातगाडा आडवा उभा होता. मिस्त्रीने ब्रेक दाबला.

डावीकडच्या दोन शटरांच्या मधून एक माणूस पळत आला आणि त्याने मेहुण्याच्या बाजूच्या काचेत हातोडी घातली. काच फुटून आत आली. मेहुणा ओरडला, दोन्ही हात तोंडावर धरून पुढे वाकला. मिस्त्री त्याच्याकडे वळला तोच त्याच्या बाजूचा दरवाजा उघडला आणि कुणीतरी त्याला कॉलरला धरून बाहेर खेचलं. तो पाठीवर पडला. पहिला फटका बरगड्यांवर बसला, पहारीचा. दुसरा मांडीवर. श्वासच आत जाईना, त्यामुळे बोलायलाही येईना. हातोडीवाला बोनेटला वळसा घालून आला. पिळदार हाताचा, पिकलेल्या मिशांचा माणूस. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. रडत रडतच तो मारत होता. हातोडी खांद्यावर बसली, मग मिस्त्रीने तोंडावर घेतलेल्या कोपरावर.

"ऊठ. चालून दाखव. चाल आता," तो म्हणत होता.

मिस्त्री गाडीखाली सरपटायला गेला. पहारवाल्याने त्याला पायाला धरून ओढलं, आणि ओढताना तोल जाऊन पहारवालाच थेट साइड पाइपला टेकला. त्याची पोटरी पँटीसकट चिकटली. तो असा किंचाळला की क्षणभर इंजिनाचा आवाजही ऐकू आला नाही. पाय सोडवून घेताना कातडं पाइपावरच राहिलं.

तेवढ्यात मिस्त्रीच्या हाताला पाना लागला. तो गुडघ्यावर आला आणि उतरत्या हातोडीच्या खाली त्याने पाना फिरवला. तो हातोडीवाल्याच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आला, हातोडी खाली पडली आणि तो माणूस हात पोटाशी धरून वाकला. मिस्त्रीने पुन्हा मारलं, त्याच हातावर, बोटांवर.

"थांब. अरे थांबा," पहारवाला जमिनीवरून ओरडला. "हा तो नाही. दादा, बघ तरी. हा तो नाहीच."

मिस्त्रीचा हात वर होता. हातोडीवाल्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. ग्रीसने काळवंडलेली डांगरी, पिकलेले कल्ले, फुटलेली भुवई.

"कोण तू?" त्याने विचारलं.

"मिस्त्री," मिस्त्री म्हणाला. "पाइप बसवायला दिली होती गाडी."

गाडीतून मेहुण्याचा आवाज येत होता. तो ओरडत नव्हता, बारीक, एकसुरी कण्हत होता. मिस्त्रीने त्याचे हात चेहऱ्यावरून बाजूला केले आणि पुन्हा तिथेच ठेवले.

"दाजी, काय आहे?"

"काच आहे. चोळू नकोस. हात तसाच ठेव."

दुसरी गाडी नव्हती, आणि वाट बघण्यात अर्थ नव्हता. पहारवाल्याने लंगडत जाऊन हातगाडा ढकलला. मग चौघे त्याच गाडीत बसले, मारणारे मागे, मार खाणारे पुढे, आणि मिस्त्री इस्पितळाकडे निघाला. प्रत्येक गिअरला बरगडी टोचत होती. आवाज इतका होता की बोलायचं तर ओरडावं लागत होतं.

हातोडीवाला सुतार होता आणि पहारवाला त्याचा धाकटा भाऊ. काय घडलं ते सुताराने सांगितलं नाही, भावाने सांगितलं. सुताराचा मुलगा, नुकता कामाला लागलेला, ह्याच रस्त्याने सायकल हातात धरून पलीकडे जात होता. ही गाडी त्याच्या अंगावर आली आणि वीतभर अंतरावर थांबली. मुलाने रागाने बोनेटवर थाप मारली. एवढंच त्याने केलं. कंत्राटदार गाडी मागे घेऊन गेला. मुलाला वाटलं, बाजूने निघून जाईल. तो मागे गेला आणि पूर्ण जोराने पुढे आला. मुलगा गाडी आणि शटरच्या मधे सापडला. पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. ब्रेक लागला नाही, असं कंत्राटदाराने लिहून दिलं आणि बघणारं कुणी पुढे आलं नाही.

"त्याला निरोप धाडला होता," भाऊ ओरडून सांगत होता. "पुन्हा ह्या रस्त्याने ये आणि बघ, म्हणून. रोज इथूनच जायचा, तेव्हापासून फिरकला नाही. आम्ही रोज टपून असायचो. आज गाडी दिसली, हातगाडा आडवा घातला. काळ्या काचेतून माणूस कुठे दिसतो?"

ड्रायव्हरचा फुटलेला ओठ मिस्त्रीच्या डोळ्यांपुढे आला.

"त्यानेच सांगितलं मला," तो म्हणाला. "ह्याच रस्त्याने जा. शेवटपर्यंत जा."

आरशात सुताराचा चेहरा दिसत होता. तो आपल्या हाताकडे बघत होता. दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती आणि पंजा वांग्यासारखा फुगत चालला होता.

"उजवा आहे," सुतार म्हणाला. इंजिनामुळे ते कुणाला ऐकू गेलं नाही, फक्त ओठ हललेले मिस्त्रीला दिसले.

इस्पितळात मेहुण्याला लगेच आत घेतलं. डॉक्टरीणबाईंनी मिस्त्रीलाही झोपायला सांगितलं, पण तो फॉर्मवर सही करून बाहेर आला आणि पुन्हा त्या गाडीत बसला.

तो गॅरेजसमोर येण्याआधीच गाडीचा आवाज पोचला होता. कंत्राटदार खुर्चीतून उठून दाराशी आला होता. मिस्त्रीची बायको कामाचं टेबल पुसत होती. मिस्त्रीने गाडी आत आणून बंद केली, तेव्हा सगळीकडे एकदम शांत झालं. पाइप निवताना टक् टक् वाजत होते.

बायकोने त्याची भुवई पाहिली, रिकामी सीट पाहिली, सीटवरचं रक्त पाहिलं. "हा कुठाय?"

"डोळ्यात काच गेली. ऑपरेशनला घेतलाय."

"डोळ्यात?"

"डाव्या."

कंत्राटदार फुटलेल्या खिडकीतून आत बघत होता. त्याने विचारलं, "किती जण होते?"

काय झालं, कुणी केलं, कसं झालं, हे त्याने विचारलं नाही. मिस्त्रीच्या बायकोने त्याच्याकडे वळून पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं," मिस्त्री म्हणाला.

"धमक्या देत होते. खरंच थांबलेत की नुसते भुंकतात, ते बघायचं होतं," कंत्राटदार म्हणाला. तो लाजला नव्हता, त्याला हिशेब पटवून द्यायचा होता. "तुमच्यावर कशाला हात टाकतील, वाटलं. उतरवून बघतील आणि सोडतील. आता आपल्याकडे केस आहे. तुम्ही साक्षीदार. मी सगळं बघतो तुमच्या मेहुण्याचं."

मिस्त्री चालत गेला आणि त्याच्या तोंडावर ठोसा मारला. नाक फुटलं. पण कंत्राटदार दहा वर्षांनी तरुण होता, आणि त्याच्या बरगड्या शाबूत होत्या. त्याने मिस्त्रीला कमरेत धरून गाड्या उचलायच्या लिफ्टच्या खांबावर आपटलं. मोडक्या बरगडीवर गुडघा घातला, एकदा, दोनदा. मिस्त्री घसरत खाली बसला तसं त्याचे केस धरून डोकं खांबावर मारलं. मग कोपर गळ्यावर दाबून अंगाचा सगळा भार टाकला.

"मी चांगलं बोलत होतो," तो म्हणाला. नाकातलं रक्त मिस्त्रीच्या तोंडावर गळत होतं. "चांगलं बोलत होतो ना मी?"

मिस्त्रीच्या टाचा फरशीवर घासत होत्या. त्याला बायको दिसत होती. तिने टेबलावरची मोठी हातोडी उचलली, हातात धरली आणि परत ठेवली. मग भिंतीशी पडलेलं बिडाचं मॅनिफोल्ड दोन्ही हातांनी उचललं. चिमण्या उडवाव्यात तसं ती काहीतरी तोंडाने म्हणाली आणि ते धूड तिने कंत्राटदाराच्या खांद्यावर घातलं.

त्याचा हात लुळा पडला. तो वळून उठला, दुसऱ्या हाताने तिची वेणी धरायला गेला. मिस्त्रीने खालून त्याच्या घोट्याला मिठी मारली. तो अडखळला, एक पाय पुढे ताठ टेकला, आणि तिने त्या पायाच्या गुडघ्यावर मारलं. गुडघा जिकडे वाकू नये तिकडे वाकला. कंत्राटदार पडला, आणि पडल्यापडल्या आईला हाका मारू लागला, लहान मुलासारख्या. ती मॅनिफोल्ड हातात घेऊन त्याच्याजवळ उभी राहिली. तो हलला नाही. मग तिने ते खाली ठेवलं आणि नवऱ्याच्या तोंडावरचं रक्त टेबल पुसायच्या फडक्याने पुसलं.

टायरवाला दारात उभा होता. "पोलिसांना बोलावू?" त्याने विचारलं.

"बोलवा," ती म्हणाली. "आणि रिक्षा. मला इस्पितळात जायचंय."

तिला इस्पितळात सोडलं नाही, आधी चौकीवर नेलं. जबाब घेणारा फौजदार बरा माणूस होता. तो म्हणाला, "रागाच्या भरात झालं, भान नव्हतं, असं लिहितो. तुमच्याच सोयीचं आहे."

"राग होताच," ती म्हणाली. "पण भान होतं. आधी हातोडी उचलली होती. हातोडीने मेला असता, म्हणून ठेवली."

फौजदाराने लेखणी थांबवली. "हे लिहू?"

"झालं तसं लिहा."

मेहुण्याचा डावा डोळा गेला. वॉर्डात त्याच्या शेजारची खाट सुताराला मिळाली. इस्पितळाला कुणाचं कुणाशी काय आहे हे माहीत नव्हतं. छातीला पट्टे बांधलेला मिस्त्री भेटायला आला, तेव्हा एक हवालदार दाराशी बसला होता. मिस्त्री दोन खाटांच्या मधल्या स्टुलावर बसला. इकडे तोंड करावं की तिकडे, त्याला कळेना.

"दुसरा फटका मारायला नको होता," तो शेवटी सुताराकडे बघून म्हणाला.

"हातोडी पडली होती माझी."

"दिसली होती."

"मग?"

"मग मारला."

सुतार छताकडे बघत होता. हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं, बोटांतून सळ्या बाहेर आल्या होत्या. "मीही थांबलो नसतो," तो म्हणाला. "तू तोच असतास तर तुझा पाय घेऊनच गेलो असतो." थोड्या वेळाने त्याने मान पलीकडे वळवली. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मिस्त्रीनेही मागितलं नाही.

"तुमचं दोघांचं चालू द्या," मेहुणा पट्टीखालून म्हणाला. "डोळा काय, माझाच गेलाय."

मग पलीकडे वळलेल्या सुताराच्या पाठीतून हसल्यासारखं काहीतरी झालं. कदाचित तो रडतही असेल.

कंत्राटदारावर केस उभी राहिली ती ड्रायव्हरमुळे. तो आपल्या पायांनी चौकीत गेला. मुलाच्या अंगावर गाडी घातली तेव्हा तो शेजारच्या सीटवर बसलेला होता, आणि आजवर त्याने ते बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. कोर्टात कंत्राटदाराचा वकील त्याला म्हणाला की तुम्ही चापटीचा सूड उगवताय. "हो," म्हातारा म्हणाला, "चापट बसली नसती तर अजून गप्प राहिलो असतो. लाज वाटते. पण ब्रेक मारलाच नव्हता." कंत्राटदाराला शिक्षा झाली. सुताराला आणि त्याच्या भावालाही झाली, थोडी, पण झाली. मिस्त्रीच्या बायकोला कोर्टाने हमीवर सोडलं. सुताराचा मुलगा निकालाला कुबड्या घेऊन आला होता. आत जाणाऱ्या बापाची पिशवी त्याने काखेत धरली होती आणि पोलिसांनी मागेपर्यंत ती दिली नाही.

मेहुणा हिवाळा संपता संपता गॅरेजमध्ये परतला. एका डोळ्याला लांबी-रुंदी कळते, खोली कळत नाही; वेल्डिंगची कांडी जोडावर टेकवायला जावी तर कधी आधीच चिकटायची, कधी हवेतच ठिणगी उडायची. पहिल्या दिवशी एका साध्या सायलेन्सरच्या जोडावर त्याने अर्धी सकाळ घालवली. मिस्त्री गाडीखालून बघत होता.

ताई पाइप धरून उभी होती. शिवण निवल्यावर तिने नेहमीसारखा अंगठा फिरवला. शिवण गांडुळासारखी वाकडी आली होती, दोन ठिकाणी भोकं होती.

"वाईट आहे," ती म्हणाली.

"मला दिसतंय."

"घासून काढ. पुन्हा मार."

त्याने ग्राइंडर लावून शिवण पार घासून काढली. मग तिने पाइप पुन्हा जोडाला धरला, त्याने डाव्या हाताचं बोट जोडाच्या जवळ टेकवून अंतर घेतलं, आणि वेल्डिंगच्या मुखवट्याची काळी काच खाली ओढली.